गांडूळबाईंचं तळं

शाळेतली मुलं पाठीमागे त्यांना गांडूळबाई म्हणायची, आणि बाईंना ते माहीत होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी अकरावीच्या वर्गात ओल्या मातीचं घमेलं आणून टेबलावर ठेवलं होतं आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकेक जिवंत गांडूळ सोडलं होतं. "हा तुमच्या घरचा खरा स्वयंपाकी. नीट बघून घ्या," असं म्हणाल्या होत्या. दोन मुली रडल्या, एकाला ओकारी आली, एका वडिलांनी प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली. तेव्हा पडलेलं नाव एकतीस वर्षं टिकलं. बाईंना त्याचं काही वाटत नसे. "दारातल्या फलकावर ज्यांची नावं सोनेरी अक्षरांत लिहिली आहेत, त्या सगळ्यांनी मिळून जेवढं केलं नसेल तेवढं भलं एका गांडुळाने केलंय," असं त्या शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना म्हणत, आणि फलकावर नाव असलेले उपप्राचार्य वर्तमानपत्र थोडं वर धरत.

बाईंच्या जिभेला हाड नव्हतं हे सगळ्यांना मान्य होतं. त्यांचे वडील विहिरी उपसायचे. कमरेला दोर बांधून खाली उतरायचे, गाळ वर पाठवायचे, आणि संध्याकाळी घरी येताना मुलीसाठी बादलीत काहीतरी घेऊन यायचे: एखादा शंख, एखादा आंधळा खेकडा, लाल दोऱ्यांसारख्या वळवळणाऱ्या अळ्या. दुसऱ्या मुलींचे वडील खेळणी आणत असतील. ह्यांना अळ्या मिळाल्या. त्यामुळे पुढे जीवशास्त्राची पदवी घेताना, ज्यांनी चिखल फक्त पुस्तकात पाहिला होता अशा प्राध्यापकांकडे त्या जरा मान तिरकी करूनच बघत आल्या, आणि ती मान पुन्हा सरळ झाली नाही.

शिकवायच्या मात्र जीव तोडून. पुस्तकातलं अन्नसाखळीचं चित्र आलं की त्यांचा पारा चढे. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड, मधे बाण. "हे पाच जण तिकिटाच्या रांगेत उभे आहेत का?" त्या विचारत. "बेडकाला कोणी सांगितलंय की तू फक्त नाकतोडाच खायचा? तो डास खातो, अळी खातो, भूक लागली तर दुसऱ्या बेडकाचं पिल्लू खातो. ही साखळी नाही, हे जाळं आहे. एक धागा ओढलात की दहा गाठी हलतात. आणि ह्या चित्रात सगळ्यात जास्त कोण खातं, ते दाखवलेलंच नाही. मेलेल्यांचं काय होतं? ते कुठे जातात?" मग उत्तरही त्याच देत: "चिखलात जातात. तिथे त्यांना खाणारे बसलेत. विघटक. ते नसते तर तुम्ही आज तुमच्या पणजोबांच्या अंगावरून चालत शाळेत आला असता."

ऊर्जेचा मनोराही असाच. गवताने सूर्याकडून शंभर कमावले तर नाकतोड्याच्या पदरात दहाच पडतात, बाकीचे जगण्याच्या धगीत उडून जातात. नाकतोड्याच्या दहातला बेडकाला एक. "म्हणून गरुड थोडे असतात आणि गवत पुष्कळ. आपल्या शाळेत उलटं आहे, वरच जास्त भरती आहे," हेही त्या सांगून टाकत.

आणि दुसऱ्या सत्रात बरण्या घेऊन तळ्यावर.

तळं शाळेच्या मागच्या भिंतीला लागून, नगरपालिकेच्या बागेच्या कोपऱ्यात होतं. लांबी जेमतेम चाळीस पावलं. एका कडेला पाणकणसांची दाटी, दुसऱ्या कडेला लव्हाळे, पाणी चहासारखं, तळाशी गुडघाभर गाळ. गाव त्याला डबकं म्हणे. बाई मुलांना काठावर बसवत, प्रत्येकाला चमचाभर चिखल आणि एक भिंग देत, आणि तासभर कोणाशी बोलत नसत. पाण्यावर पाणनिवळ्या सरकायच्या, तळात चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्यांची शिकार करायच्या, खंड्या फांदीवरून हे सगळं बघत बसायचा.

ह्याच काठावर, एकोणीस वर्षांपूर्वी, एक मुलगा नाकाला रुमाल लावून उभा होता. पायात नवे बूट, त्यांना चिखल लागू नये म्हणून विटेवर चढलेला. त्याने विचारलं होतं, "बाई, हे पेपरात येणार आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

त्याने वही मिटली आणि विटेवरून खालीसुद्धा न उतरता उरलेला तास काढला. त्या वर्षी परिसंस्थेच्या प्रश्नाला त्याने जे उत्तर लिहिलं त्यात एक काना इकडचा तिकडे नव्हता. जैविक घटक, अजैविक घटक, त्यांच्यातील आंतरक्रिया, आकृती पट्टीने आखलेली, नावं डावीकडून उजवीकडे एका ओळीत. बाईंनी लाल पेन हातात धरून दोनदा वाचलं. कापायला जागाच नव्हती. वीसपैकी वीस दिले आणि मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं: पैकीच्या पैकी.

निवृत्तीला एक वर्ष उरलेलं असताना तो परत आला. बागांचा अधीक्षक होऊन. शाळेत एक गुळगुळीत पत्रक आलं: तलाव सुशोभीकरण. चित्रात निळंशार पाणी, सिमेंटचा गोल काठ, मधे कारंजं, भोवती हिरवळ, आणि हिरवळीवर चार माणसं, चौघांचेही दात दिसत होते. पाणकणसं कुठेच नव्हती.

बाई त्याच दुपारी त्याच्या कचेरीत गेल्या. खोलीत एक मोठं टेबल, टेबलावर प्लॅस्टिकची रोपं. बागांच्या अधीक्षकाच्या टेबलावर प्लॅस्टिकची रोपं बघून बाईंना खरं तर तिथूनच परत फिरावंसं वाटलं. पण तो खुर्चीतून उठला, पुढे येऊन पाया पडायला वाकला, आणि बाईंनी पाय मागे घेतले.

"बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात? बोलावलं असतं तर मी आलो असतो."

"परिसंस्था म्हणजे काय, सांग बघू."

तो हसला. आणि मग, कळ दाबल्यासारखं, सगळं सांगितलं. एकोणीस वर्षांनंतरही एक काना इकडचा तिकडे नाही.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "मग ते मागचं तळं काय आहे?"

"ते डबकं हो? घाण आहे नुसती. तक्रारी येतात वासाच्या. आपण गाळ काढतोय, झुडपं काढतोय, आठशे रंगीत मासे सोडतोय. मुलांना निसर्ग बघायला मिळेल."

"आठशे. चाळीस पावलांच्या तळ्यात. कुठल्याही जागेत किती जीव जगू शकतात ह्याला काही मर्यादा असते का? काय म्हणतात तिला?"

"धारणक्षमता," तो ताबडतोब म्हणाला. "एखाद्या अधिवासात उपलब्ध संसाधनांच्या आधारे..."

"पुरे. ह्या तळ्याची किती?"

तो बाईंकडे बघत राहिला. लाजून नव्हे, कोड्यात पडून. असा प्रश्न असू शकतो हेच त्याला कळलं नव्हतं. "बाई, ते आपलं पुस्तकातलं झालं," तो शेवटी म्हणाला. "इथे निविदा निघाली आहे." आणि त्याने चहा मागवला.

चहा न पिता बाई परतल्या. त्यांनी नगराध्यक्षांना पत्र लिहिलं, त्याची पोच आली. दुसरं लिहिलं, त्याचीही पोच आली. पोच देण्यात त्या कचेरीचा हात कोणी धरला नसता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत यंत्र आलं. पाणकणसं मुळासकट उपटली, गाळ ट्रकमधे भरून गेला, आणि त्याच्याबरोबर शंख, अळ्या, बेडूक आणि डोळ्यांना न दिसणारं जे काही त्या तळ्याचं जेवण शिजवत होतं ते सगळं गेलं. सिमेंट झालं. हिरवळ अंथरली आणि ती चित्रातल्यासारखी दिसावी म्हणून दर आठवड्याला तिला खत मारायला सुरुवात झाली. नळीने पाणी मारलं की निम्मं खत उतारावरून थेट तळ्यात. उद्‌घाटनाला फीत कापली गेली, कारंजं उडालं, आठशे मासे सोडले, सगळ्यांचे फोटो निघाले. लोक रोज संध्याकाळी यायचे आणि माशांना पावाचे तुकडे टाकायचे. मासे खाऊन खाऊन तटतटले. न खाल्लेला पाव तळाशी कुजत राहिला, आणि माशांनी खाल्लेलं कुठे जाणार होतं तेही सांगायला नको.

महिन्याभरात पाणी हिरवं झालं. आधी कोवळं हिरवं, मग वाटाण्याच्या उसळीसारखं दाट. "बघा, किती हिरवं हिरवं झालंय," असं एक गृहस्थ बायकोला सांगत होते, ते बाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. कारंजं शेवाळाने तुंबून बंद पडलं. डास मात्र उदंड झाले, कारण त्यांना खाणारे चतुर ट्रकमधून गेले होते, आणि पावावर पोसलेल्या माशांना डासांच्या अळ्या शोधायचं कारण उरलं नव्हतं.

मग चार दिवस आभाळ भरून राहिलं. वारा पडला, उकाडा वाढला. पाचव्या दिवशी सकाळी सात वाजता बाई शाळेत जाताना बागेच्या फाटकाशी थबकल्या. वास आधी आला. पाण्यावर मासे पोटं वर करून पडले होते. लाल, पिवळे, पांढरे. बागेचे म्हातारे माळीबुवा जाळीने ते काढून पोत्यात भरत होते.

"पाच पोती झाली, बाई," ते म्हणाले. "मी पहाटे आलो तेव्हा सगळे वर येऊन तोंडं उघडत होते. हवा मागत होते."

अधीक्षक जीपमधून आला तो फोनवर बोलतच. पाण्यात कोणीतरी विष टाकलंय, पोलिसांना कळवतो, असं तो कोणाला तरी सांगत होता. फोन ठेवून त्याने बाईंना पाहिलं.

"विष नाही रे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्या दिवशी त्यांच्या स्वतःच्याच कानाला वेगळा लागला. "गुदमरले ते. पाण्यात प्राणवायू उरला नव्हता."

"कसा उरणार नाही? पाणी तर शेवाळाने भरलंय. हिरव्या वनस्पती प्राणवायू सोडतात. तुम्हीच शिकवलंय."

"दिवसा सोडतात, ऊन असेल तर. श्वास त्याही घेतात, आणि रात्री फक्त तेवढंच करतात. त्यात आठशे मासे, त्यात तळाशी कुजणारा पाव. सगळे मिळून रात्रभर एकाच ताटातलं ओरपत होते. पहाटेपर्यंत ताट रिकामं. हेही शिकवलं होतं मी. ह्याच काठावर."

तो थोडा वेळ आठवत राहिला. मग अगदी साधेपणाने, बाजू मांडावी तसं म्हणाला, "पण बाई, ते पेपरात आलं नव्हतं."

तो थट्टा करत असता तर बाईंनी त्याची सालटी काढली असती. तो खरं सांगत होता. त्यांनी तो प्रश्न कधी काढलाच नव्हता, कारण तपासायला वेळ लागतो. व्याख्येचे प्रश्न अर्ध्या तासात तपासून होतात.

त्या दुपारी त्या घरी लवकर आल्या. नवरा घड्याळजी. राहत्या घराखालीच त्याचं दुकान, डोळ्याला भिंग लावून दिवसभर बसलेला. कमी बोलणारा माणूस. अशा बाईशी संसार करायचा तर दुसरा उपायही नव्हता.

"मी त्याला वीसपैकी वीस दिले होते," बाई म्हणाल्या.

"बरोबर लिहिलं असेल त्याने."

"एक शब्द चुकला नव्हता."

त्याने भिंग काढलं. "म्हणजे घड्याळ न उघडताच त्याला कारागीर म्हणून दाखला दिलास."

एकतीस वर्षांत बाईंना इतकं टोचून कोणी बोललं नव्हतं, आणि बोलणारा पुन्हा भिंग लावून कामाला लागला होता. आयुष्यभर जगाकडे तिरक्या मानेने पाहिलेल्या बाईंना त्या दिवशी आरशात बघायची वेळ आली आणि तिथे जे दिसलं त्याबद्दलही त्यांचं मत काही बरं झालं नाही. दर वर्षी एक तास तळं दाखवायचं आणि गुण मात्र पाठांतराला द्यायचे, हा धंदा त्यांनी स्वतःच्या हाताने केला होता.

सहामाहीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला त्यांनी चौसष्ट मुलांना त्या मेलेल्या तळ्यावर नेलं. प्रत्येकाला एक बरणी. व्याख्या नाही, आकृती नाही. बरणीत काय आहे ते सांगा; कशाची कमतरता आहे ते सांगा; उद्यापासून खत बंद केलं तर आधी काय बदलेल, नंतर काय, ते सांगा. मुलं काठावर उभी राहून एकमेकांकडे बघत राहिली. तीस-पस्तीस जणांनी निदान प्रयत्न केला. एकाने सांगितलं की तळावर सिमेंट असल्यामुळे कुजणारं कुजतंय पण ते पचवणारं कोणी नाही, आणि बाईंनी त्याचा हात हातात घेऊन हलवला. निम्मा वर्ग नापास झाला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत पालकांची रांग. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीची आई सगळ्यांत पुढे. "माझ्या मुलीला सगळं पुस्तक पाठ आहे," ती म्हणाली.

"तेच तिच्या आड येतंय," बाई म्हणाल्या. "मला त्याची जास्त काळजी वाटते. ही उद्या कुठेतरी अधिकारी होईल."

प्राचार्यांनी समजूत घातली, मग नियम दाखवला, मग निवृत्तिवेतनाची आठवण करून दिली. बाईंनी गुणपत्रिकेवर सही केली नाही. सही उपप्राचार्यांनी केली. गुण वाढले, सगळे पास झाले. सहा महिन्यांनी बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांच्या निसर्गप्रेमावर तीन भाषणं झाली, भाषण करणाऱ्यांतल्या दोघांनी तळं कधी पाहिलंच नव्हतं.

तळ्याचं पुढे असं झालं की शेवाळ मारायला त्यात निळं औषध ओतलं. शेवाळ मेलं, तळाशी बसलं, कुजलं, आणि वास थेट नगराध्यक्षांच्या गच्चीपर्यंत पोचला. मग कचेरीने तिला जमणारा एकमेव शहाणपणा केला: भोवती पत्रे ठोकले आणि विसरून गेली. अधीक्षकाची बढती झाली. उद्‌घाटनाचा फोटो त्याच्या अहवालात होता. मेलेल्या माशांचा फोटो काढायला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला मोठ्या शहरात, मोठ्या तलावावर पाठवलं.

तीन वर्षं पत्रे तसेच राहिले. माळीबुवांनी एका पत्र्याचे दोन खिळे काढून ठेवले होते, तिथून बाई रोज सकाळी आत डोकावायच्या. पहिल्या वर्षी काळं पाणी, बाकी काही नाही. पण हिरवळीचं खत बंद झालं होतं, पावही बंद झाला होता. वाऱ्याने धूळ येत होती, पानं पडत होती, आणि सिमेंटवर बोटभर गाळ साठत होता. दुसऱ्या वर्षी काठाला भेग पडली आणि भेगेत लव्हाळा उगवला. त्याच्या मुळांनी गाळ धरला, त्या गाळात शंख आले, कुठून ते बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा एखाद्या पक्ष्याच्या पायाला चिकटून. तिसऱ्या वर्षी कोपऱ्यात पाणकणसाची चार पाती दिसली, मग चतुर, आणि एका सकाळी बेडूक ओरडला. ह्याला पुस्तकात अनुक्रमण म्हणतात: आधी येणारे मागून येणाऱ्यांसाठी जागा करून ठेवतात. बाईंनी ही व्याख्या हजारदा सांगितली होती. घडताना पहिल्यांदाच पाहिली, आणि पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभ्या असताना त्यांच्या पायांना मुंग्या आल्या तरी त्या हलल्या नाहीत.

नवा अधीक्षक एकदा चुकून तिकडे आला, त्याने पत्र्याआडची हिरवाई पाहिली, आणि महिन्याभरात पत्र्यावर पाटी लागली: नैसर्गिक पुनरुज्जीवन प्रकल्प. खाली खात्याचं नाव. बाई पाटीसमोर उभ्या राहून इतक्या हसल्या की माळीबुवांनी त्यांना बसायला स्टूल आणून दिलं.

त्याच सुमारास पैकीच्या पैकीचा फोन आला. तब्येत वगैरे विचारून झाल्यावर तो म्हणाला, "बाई, इथल्या तलावाचं काम माझ्याकडे आलंय. तीन हजार मासे सोडायचा प्रस्ताव आहे. किती सोडू?"

"एकही नाही. दोन वर्षं काहीही करू नकोस. नुसतं बघ काय काय येतंय."

"दोन वर्षांत माझी बदली होईल."

"म्हणूनच सांगतेय."

"पण बाई, दोन वर्षं काहीच केलं नाही तर अहवालात काय लिहू?"

"लिही, काहीच केलं नाही. तुझ्या खात्याच्या इतिहासात तलावासाठी ह्याहून मोठं काम कोणी केलेलं नसेल."

मग त्याने विचारलं, "पाणकणसं काढू का?" आणि त्याला ती पाणकणसं आहेत हे नावानिशी माहीत आहे, हे बाईंच्या लक्षात आलं. झुडपं म्हणाला नव्हता.

"एका कडेची तरी ठेव," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

चार महिन्यांनी त्याचं पत्र आलं. मासे पाचशेच सोडले, पूर्वेकडचा काठ सिमेंटचा न करता तसाच ठेवलाय, पाणकणसांसकट. निधी संपला म्हणून, असं त्याने खाली लिहिलं होतं.

बाईंनी पत्र नवऱ्याला वाचून दाखवलं. "निधी संपला म्हणे," त्या नाक मुरडून म्हणाल्या. "चांगुलपणासुद्धा नाइलाजाने करतात ही माणसं." मग पत्र घडी करून पिशवीत टाकलं, पिशवीत एक बरणी टाकली, आणि तो पूर्वेकडचा काठ बघायला जायचं तिकीट काढायला बाहेर पडल्या.